काडी आणि घट

बंगळूरच्या बनशंकरी वसाहतीला जिच्यावरून नाव पडले, त्या देवीच्या देवळात राहुकाळी पूजा करण्याचा प्रघात आहे. अन्यत्र जी वेळ कटाक्षाने टाळायची, त्या वेळी येथे लिंबाच्या अर्ध्या सालींत दिवे उजळून स्त्रिया रांगेने उभ्या राहतात. बदामीची बनशंकरी ज्यांचे कुलदैवत आहे अशी मराठी घराणी पुष्कळ आहेत. त्यांतील येथे येऊन राहिलेल्यांना या प्रथेचे आरंभी नवल वाटते. मला वाटत नाही. विवाहाच्या राहुकाळावरच माझी वकिली चालत आली आहे.

माझ्याकडे येणारी वडीलधारी मंडळी बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतात : 'वकीलसाहेब, आमच्यात हे कधी नव्हते.' अशा वेळी 'मग काडीमोड हा शब्द मराठीत कोठून आला?' असे मी विनयाने विचारतो. मंडळी गप्प होतात.

वस्तुतः या बाबतीत मराठी भाषा मोठी संपन्न आहे. विवाह मोडल्याची खूण म्हणून गवताची काडी मोडायची, ती काडीमोड. लेखी दिली तर सोडचिठ्ठी. आणि फारकत तर ऋणकोलाही मिळे आणि नवराबायकोलाही. दोन्ही सुटकांना एकच शब्द वापरणाऱ्या पूर्वजांची विनोदबुद्धी वाखाणण्यासारखी आहे. अनेक जातींत अशा सुटकेनंतर किंवा वैधव्यानंतर स्त्री 'पाट' लावू शकत असे. पेशवाईत तर पाटावर 'पाटदाम' नावाची पट्टी होती. सरकार ज्यावर कर बसवते, ती गोष्ट अस्तित्वात नव्हती असे म्हणणे अवघड आहे.

'घटस्फोट' शब्दाची कुळी मात्र निराळी. धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकताना पाण्याचा घट फोडीत. म्हणजे माणूस जिवंतपणीच मेल्यात जमा. ज्या वर्गात विवाह हा अभेद्य संस्कार मानला जाई, तेथे पत्नीला काडीची सोय नव्हती. पतीला तिची गरजच नव्हती. त्याला दार उघडून बाहेर पडावे लागत नसे, घराला दुसरी खोली काढता येत असे. पुढे याच वर्गाच्या भाषेने विवाहविच्छेदाला बहिष्काराचा शब्द दिला, आणि आज तोच सर्वांच्या तोंडी आहे.

इंग्रजी न्यायालयांनीही काडीपेक्षा घटालाच मान दिला. विवाह रद्द ठरवण्याचा वा स्त्रीला पुनर्विवाहाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली सांगितले. एक दार असे अरुंद झाले. दुसरीकडे इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला 'दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापने'चा दावा येथे रुजला. १८८४ साली दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर तोच लावला. बालपणी झालेला विवाह रखमाबाईंना मान्य नव्हता. त्यांच्या विधवा आईने जातीच्या रूढीप्रमाणे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. पण त्यांना स्वतःला मात्र कोणतीच काडी मोडता येईना. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. गंमत अशी, की इंग्लंडने स्वतः ही कैदेची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

पुढची वाटचाल संथ होती. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने १९३१ साली, तर मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला आणि बंगळूर-मुंबई एका सूत्रात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई निवर्तल्या.

या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने रूढीने मिळणारा विच्छेद शाबूत ठेवला आहे. काडी अजून जिवंत आहे, परंतु तिला साक्षीपुराव्याची अट आहे. रूढी प्राचीन, अखंड आणि निश्चित असल्याचे सिद्ध करावे लागते. तेव्हा मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी घेऊन कोणी आले, की माझे हसू मावळते. रूढी शाबित झाली नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर दुसरा संसार मांडलेली स्त्री कायद्याने पत्नी ठरत नाही. पंचांनी निर्धास्तपणे सह्या केलेल्या असतात. किंमत ती मोजते.

म्हणून मी तिला १९७६ साली आलेले परस्परसंमतीचे कलम दाखवतो. त्यात कोणावर दोष ठेवावा लागत नाही. सहा महिने विचाराला दिलेले असतात, आणि योग्य प्रकरणी तीही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. माझ्या मते ही जुन्या काडीचीच नोंदणीकृत आवृत्ती होय : दोघांनी धरायची, दोघांनी मोडायची, आणि कोणाच्याही नावाने घट फोडायचा नाही.