विहारचे पाणी आणि घरगल्ली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईची तहान विहिरी आणि तलावच भागवत. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. तळी मात्र केव्हाच बुजवली गेली. वस्ती फुगली तसे हे पाणी पुरेनासे झाले. १८५० च्या दशकात पावसाने दगा दिला तेव्हा गुरे माहीमकडे हलवावी लागली, आणि होड्यांतून, आगगाडीतून पाणी आणण्याची पाळी आली.

हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने साष्टीत, मिठी नदीच्या उगमाकडे धरण बांधून नळाने पाणी आणायची योजना मांडली. १८६० मध्ये विहारचे पाणी शहरात पोचले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. दाद द्यावी असेच काम. पण वापरून झालेले पाणी जाणार कुठे, याची घाई कुणालाच नव्हती. गटारांचे आराखडे निघत, खर्चावरून वाद झडत, आणि पाणी रोज येऊन जमिनीत मुरत राही.

त्याचा परिणाम घरगल्लीत दिसे. दोन घरांच्या पाठी समोरासमोर, मध्ये माणूस जेमतेम शिरेल एवढा बोळ. वरच्या मजल्यांवरचा मैला खाली ठेवलेल्या टोपलीत पडे, मोऱ्यांचे सांडपाणीही तिथेच उतरे. भरलेली टोपली उचलून नेणारा हलालखोर या मागच्या बोळातूनच ये-जा करी. पुढचे दार त्याच्यासाठी नव्हते. यांतले बरेचजण गुजरातेतून आलेले, जातीनेच या कामाला जुंपलेले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या जोडीला 'हलालखोर कर' होता. कर घरमालकाने भरायचा, टोपली मात्र हलालखोरानेच उचलायची.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांची लक्षणे पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने निदान केले: प्लेग. पालिकेने गटारांत समुद्राचे पाणी सोडले, कार्बोलिक ओतले, घरांना चुना फासला. रोगाचा पिसवांशी असलेला संबंध अजून सिद्ध व्हायचा होता; दुर्गंधी आणि ओल हेच शत्रू मानले जात. रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूमही निघाला, तशी शहरात घबराट पसरली. लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले.

आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना मात्र वेगळीच धास्ती होती. या गर्दीत हलालखोर आणि बिगारीही निघून गेले तर? मग शहराचा उकिरडा व्हायला वेळ लागणार नव्हता. सक्ती सैल करण्यामागे जी कारणे होती, त्यांत हे एक ठळक होते. स्नो यांनी आपल्या अहवालात ते आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. ज्याला पुढच्या दारातून यायची मुभा नव्हती, त्याच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी हुकूम मऊ झाला. तीन तलावांची धरणे आणि मैलोगणती नळ असलेले शहर शेवटी टोपली उचलणाऱ्या हातांवरच उभे होते.

१८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढून हवा खेळती करणे, हे त्याचे एक काम. जुन्या चाळी पडल्या, माणसे विस्थापित झाली, भूमिगत गटारांचे जाळे हळूहळू पसरले. मैला हाताने उचलण्यावरची कायदेशीर बंदी त्यानंतर कितीतरी दशकांनी आली: देशपातळीवर पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. टोपली गेली, गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरलेले कामगार गुदमरून मेल्याच्या बातम्या मुंबईतून अजूनही येतात.