विष कोठून आले?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, कोलंबिया देशात, चोको नावाचा अतिपर्जन्याचा अरण्यप्रदेश आहे. इ. स. १८२३-२४ मध्ये कॅप्टन चार्ल्स स्टुअर्ट कॉक्रेन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने त्या देशात प्रवास केला. तेथील मूळ रहिवासी आपल्या फुंकनळीच्या बाणांस बेडकाचे विष लावतात, ही हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. शिकारी हे बेडूक रानातून धरून आणीत, पोकळ वेळूत ठेवीत आणि विषाची गरज पडेपर्यंत त्यांस नियमाने खाऊ घालीत. बेडूक जिवंत राहावा, एवढाच त्या खाऊ घालण्याचा हेतू. परंतु विषाचे सारे रहस्य अन्नातच दडलेले होते, आणि ते उलगडावयास पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जॉन डेली आदी रसायनशास्त्रज्ञांनी या विषाचे पृथक्करण केले व त्यास बॅट्रॅकोटॉक्सिन हे नाव मिळाले. मज्जातंतू व स्नायू यांच्या पेशींत सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. हे विष ती द्वारे उघडीच ठेवते, आणि त्यामुळे हृदयाची क्रिया बिघडून प्राणी मरतो. १९७८ साली चार्ल्स मायर्स, डेली व बोरिस माल्किन यांनी कोलंबियातील एका सोनेरी बेडकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. जेमतेम दोन इंच लांबीच्या या प्राण्याचे विष इतके जहाल, की एंबेरा जमातीचे शिकारी बाणाचे टोक नुसते त्याच्या पाठीवर घासून घेत. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच ‘भयंकर’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला.

हे भयंकर बेडूक प्रयोगशाळेत आणून पाळण्यात आले, त्यांस प्रजाही झाली, आणि येथूनच खरा पेच सुरू झाला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रानातून आणलेल्या बेडकांचे विष बंदिवासात कमी झाले खरे, तथापि सहा वर्षांपर्यंतही ते पुरते नाहीसे झाले नाही. उलट त्यांच्याच पोटी बंदिवासात जन्मून वाढलेल्या प्रजेच्या त्वचेत विषाचा मागमूसही आढळला नाही. विशेष हे, की त्या निर्विष प्रजेच्या मज्जातंतूंवर व स्नायूंवर बॅट्रॅकोटॉक्सिनचा परिणाम मात्र होत नव्हता. विष सोसण्याची शक्ती वारशाने आली. विष आले नाही!

मग ते येते कोठून? या प्रश्नाचा निकाल दुसऱ्याच एका हिरव्या-काळ्या जातीने लावला. हे बेडूक १९३२ साली पनामाकडून हवाई बेटांत नेऊन सोडण्यात आले होते. कुळ एकच, पण हवाईतील बेडकांच्या त्वचेतील विषद्रव्ये पनामातील भाईबंदांच्या विषद्रव्यांहून काही अंशी निराळी निघाली. पुढे १९९४ साली दिसून आले, की घरात पंखहीन फळमाश्यांवर वाढविलेले बेडूक निर्विष राहतात, आणि रानातील पालापाचोळ्यातले किडे खाऊन वाढलेले विष साठवितात. मुंग्या, सूक्ष्म कोळीवर्गीय जीव यांच्या अंगची द्रव्ये बेडकाच्या त्वचेत जमा होतात. जसे अन्न तसे मन, असे आपले लोक म्हणतात. येथे जसे अन्न तसे विष!

या शोधामुळे युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांस मोठा धीर आला. घरात वाढलेला बेडूक निरुपद्रवी असतो, हे आता सिद्ध झाले होते. त्यांची संगोपनाची रीतही पाहण्यासारखी आहे. मादी ओलसर पानावर अंडी घालते, आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्यांतून बेडूकमासे निघतात. रानात नर त्यांना पाठीवर बसवून पाण्यापर्यंत नेतो. घरी ते काम पाळणाऱ्यास करावे लागते. कित्येक जातींचे बेडूकमासे एकमेकांस खातात, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र पेला द्यावा लागतो. त्या पाण्यात पुष्कळजण देशी बदामाचे वाळलेले पान टाकतात. मुंबईच्या आवारांतून ज्याची लालबुंद पाने गळतात, तोच हा वृक्ष. शेवाळाची पूड व माशांचे खाद्य यांवर दोन-तीन महिने काढल्यावर मागचे पाय दिसतात, नंतर पुढचे. त्या वेळी पाणी उथळ करून चढावयास उतार न ठेवल्यास, पाण्यात जन्मलेला तो जीव पाण्यातच बुडून मरतो.

परंतु प्रत्येक जातीस पेला चालत नाही. लाल रंगाच्या एका लहानशा जातीची मादी पानांच्या बेचक्यांत साठलेल्या पाण्यात एकेक पिलू ठेवते व वरचेवर येऊन त्यास आपली अफलित अंडी खाऊ घालते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पेटर वायगोल्ट यांनी हे संगोपन बंदिवासातील बेडकांत बारकाईने पाहून १९८० साली वर्णिले. २०१४ साली असेही सिद्ध झाले, की त्या अंड्यांतून आई पिलास आपले विषही पुरविते. आईचे दूध जसे बाळास बळ देते, तसे हे अंडे पिलास संरक्षण देते.

ही आई दुर्मिळ जातींच्या मुळावर आली. अशा पिलांस आईवाचून वाढविणे फार कठीण. त्यापेक्षा रानातून पकडून आणणे सोपे. कोलंबियातील लेहमानचा बेडूक याच कुळाचा. १९७६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि हौसेच्या बाजारासाठी तो इतका लुटला गेला, की आज त्याची गणना नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील जातींत होते. १९८७ साली या बेडकांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. तरी चोरटा व्यापार थांबला नाही.

ज्या विषाच्या भीतीने रानातील शत्रू या बेडकापासून दूर राहत, ते विष माणसाच्या घरात आपोआप ओसरते, आणि त्याबरोबर माणसाची भीतीही. पेल्यात वाढलेला बेडूक रंगाने तोच, आकाराने तोच. पण त्याच्या अंगचे अरण्य मात्र गेलेले असते. ते त्याला पुन्हा मिळावयाचे, तर चोकोच्या पालापाचोळ्यातच मिळेल. म्हणून बेडूक राखावयाचा असेल, तर तो पालापाचोळाही राखला पाहिजे.