दीक्षाभूमीच्या जुन्या फोटोतला तो स्तूप कोणता?

दरवर्षी अशोक विजयादशमी जवळ आली की १४ ऑक्टोबर १९५६ चे कृष्णधवल फोटो मोबाईलवर फिरू लागतात. नागपूरचे मोकळे मैदान, समोर पांढऱ्या कपड्यांतला अथांग जनसमुदाय आणि व्यासपीठावर स्तूपाच्या आकाराची एक रचना. फोटोखाली कोणी लिहितो, "याच स्तूपात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली." दुसरा म्हणतो, हा फोटो सांचीचा असावा. तिसरा त्याला चैत्यभूमी म्हणून पुढे पाठवतो. आमच्या हट्टा, बसमत भागातली पोरे हे फोटो जपून ठेवतात, जयंतीच्या बॅनरवर छापतात. पण तो स्तूप नेमका कोणता, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

मित्रांनो, हा प्रश्न किरकोळ नाही. ज्या समाजाला शतकानुशतके लिहू-वाचू दिले गेले नाही, त्याच्याकडे जुनी कागदपत्रे थोडी असतात. त्याच्यासाठी एकेक फोटो हा पुरावा असतो. आणि पुराव्याखाली चुकीची ओळ लिहिली की उद्या विरोधक तीच ओळ धरून सगळा पुरावा खोटा ठरवायला मोकळा होतो. म्हणून आधी तारखा तपासू.

आज आपण दीक्षाभूमीवर ज्या भव्य स्तूपासमोर उभे राहतो, तो १९५६ साली नव्हता. त्याचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे दीक्षा सोहळा आणि हा स्तूप यांच्यात तब्बल ४५ वर्षांचे अंतर आहे. फोटोतली वास्तू ही असूच शकत नाही. चैत्यभूमीचे तर नावच नको. दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते ७ डिसेंबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेनंतर आठ आठवड्यांच्या आत, आणि तिथला स्तूप उभा राहिला १९७१ मध्ये. राहिली सांची. ती भोपाळजवळ एका टेकडीवर आहे. तिथे १९५६ साली लाखोंचा असा सोहळा झालेला नाही.

मग फोटोत दिसते ते काय? उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रांत आणि त्या सोहळ्याच्या वर्णनांत आहे. नागपूरच्या श्रद्धानंद पेठेजवळ, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटलगतच्या सुमारे १४ एकरांच्या मैदानावर सोहळ्यासाठी मंडप आणि व्यासपीठ उभारले होते. त्या व्यासपीठावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती केली होती. ती तात्पुरती होती, सोहळ्यापुरती. भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेचे सचिव वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी या सगळ्या तयारीत राबत होते. त्याच व्यासपीठावर कुशिनाराचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा आणि २२ प्रतिज्ञा दिल्या.

कोणी म्हणेल, कोडे सुटले, ती मंडपाची सजावट होती. इथेच थांबले तर फोटो पाहिला पण वाचला नाही, असे होईल. सजावटीसाठी कमळ चालले असते, पिंपळपान चालले असते, नुसता धम्मध्वज चालला असता. मग सांचीच का?

पहिले कारण त्या दिवसातच आहे. दीक्षेसाठी अशोक विजयादशमी निवडली होती आणि सांचीचा मूळ स्तूप सम्राट अशोकाच्या काळातला. तारखेत अशोक आणि मंचावरही अशोक. त्याच अशोकाचे धम्मचक्र १९४७ मध्ये राष्ट्रध्वजावर आले होते आणि सारनाथचे सिंह १९५० मध्ये राजमुद्रेवर. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, ते लोक त्या दिवशी देशाच्या सर्वांत जुन्या लोककल्याणकारी राज्याशी आपले नाते सांगत होते.

दुसरे कारण त्या काळाच्या हवेत होते. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांच्या सांचीहून इंग्लंडला गेलेल्या अस्थी परत आल्या आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे साजरी झाली. मात्र सरकारने साजरा केलेला बुद्ध संग्रहालयात आणि अवशेषांत होता. नागपूरच्या मैदानात तोच स्तूप जिवंत माणसांच्या मधोमध उभा राहिला. पुरातत्त्वाची वस्तू त्या दिवशी पुन्हा धम्माची झाली.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि हे माझे वाचन आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे आपली माणसे एका दरवाजासमोर उभी राहिली आणि तो दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. आता सांचीचा स्तूप डोळ्यांसमोर आणा. तो आतून भरीव आहे. त्याला गाभारा नाही. त्यामुळे गाभाऱ्याचा दरवाजा नाही, आणि दरवाजात उभा राहून जात विचारणारा पुजारीही नाही. त्याला चारी दिशांना तोरणे आहेत. कोणीही यावे, भोवती प्रदक्षिणा घालावी. ज्या समाजाला दारातून हाकलले, त्याने आपल्या नव्या आयुष्याच्या पहिल्या दिवशी बिनगाभाऱ्याची वास्तू मंचावर उभी करावी, यापेक्षा चोख उत्तर कोणते असेल?

आणखी एक गोष्ट. सांची राजांनीच बांधली, असे शाळेत शिकवले जाते. पण तिथल्या कठड्यांवर शेकडो दानलेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खुणी आणि सामान्य स्त्रिया आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांच्या कामाची नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही स्तूप उभा राहिला तो कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून. १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. सांचीच्या दानलेखांची परंपरा ती हीच. पुढे नागपूरला स्तूप झाला, दादरला झाला आणि आपल्या वस्त्यांतल्या विहारांना सांचीसारखी तोरणे आली. या सगळ्यांची पहिली रेघ त्या तात्पुरत्या मंचावर ओढलेली दिसते.

फरकही लक्षात घ्या. सांची भरीव आहे, दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. सांचीच्या घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट, आणि दीक्षाभूमीच्या घुमटाचाही तेवढाच सांगितला जातो. माप सांचीचे, पण आत हजारो माणसे मावतील एवढी जागा. तोही दार अडवत नाही, तो माणसांना आत घेतो.

आता फोटोच्या ओळीकडे परत येऊ. कित्येक जण लिहितात, "१९५६, नागपूर, महाराष्ट्र." तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते. १४ ऑक्टोबरला नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, सांची भोपाळ राज्यात होती आणि आपले हट्टा हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होते. अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नागपूर आणि हट्टा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. सरकारच्या नकाशावर एकत्र येण्याआधीच विदर्भ आणि मराठवाड्यातला आपला समाज धम्माच्या नकाशावर एकत्र आला होता.

मैदानाचा प्रश्न आजही संपलेला नाही. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध हजारो लोक उतरले आणि सरकारला ते काम थांबवावे लागले. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल ही भीती त्यामागे होती. ज्या जागेवर एकदा तात्पुरता स्तूप उभा राहिला, तिची माती लोकांना एवढी मोलाची का वाटते, हे जुने फोटो वाचल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून तरुणांना एकच काम सांगतो. यंदाच्या अशोक विजयादशमीला फोटो पुढे पाठवण्याआधी त्याखाली खरी ओळ लिहा: "१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, व्यासपीठावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती." घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे वर्ष, गाव आणि माणसांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवा. आजी-आजोबांनी दीक्षा कधी, कोणत्या गावी घेतली, ते त्यांच्याकडून आजच विचारून घ्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी आपली नावे दगडावर कोरली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. आपल्या माणसांची नावे निदान कागदावर तरी राहू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!