सीझन तिकीट (मुंबईतील क्रीडासामने)

सीझन तिकीट, म्हणजेच हंगामी तिकीट, हा एखाद्या संघाचे किंवा मैदानावरचे ठरावीक काळातील सर्व सामने एकदाच पैसे भरून पाहण्याचा हक्क होय. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक क्लबांचे अर्थकारण बऱ्याच अंशी या तिकिटावर उभे असते. मुंबईत खेळ पाहणारा वर्ग जुना आणि जाणता असूनही हे तिकीट येथे त्या रूपात रुजले नाही. क्रिकेटमध्ये त्याची जागा संलग्न क्लबांच्या तिकीट-कोट्याने घेतली, तर गिरणगावातील कबड्डीत ती वर्गणीने घेतली. १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियम उभे राहिले, त्यामागेही आसने कोणाच्या वाट्याला किती, हाच वाद होता.

संज्ञा

मुंबईकराच्या बोलण्यात हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो. उपनगरी रेल्वेच्या मासिक किंवा त्रैमासिक पासाचे अधिकृत नाव सीझन तिकीट असेच आहे, मात्र त्याला सगळे नुसते ‘पास’ म्हणतात. क्रिकेटमध्ये सीझन तिकीट म्हणजे एका कसोटी सामन्याच्या सर्व दिवसांचे तिकीट. संपूर्ण हंगामाचे तिकीट असा अर्थ शहरात क्वचितच घेतला गेला, कारण एका हंगामात मुंबईच्या वाट्याला सहसा एकच कसोटी येई आणि कित्येकदा एकही येत नसे. नियमित घरचे सामने नसतील तर हंगामी तिकीट विकण्याजोगे काही उरत नाही. पुढील बहुतेक अडचणी या साध्या गोष्टीतून निघतात.

इंग्लंडमधील पद्धत

तुलनेसाठी रग्बी लीगचे उदाहरण उपयोगी पडते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी रग्बी युनियनपासून फारकत घेतली. शनिवारी खेळण्यासाठी कामावरची पाळी बुडवणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, यावरून हा वाद झाला. हे क्लब कापडगिरण्या आणि कोळसाखाणींच्या गावांतले होते, त्यामुळे परळ-लालबागच्या वाचकाला हा इतिहास परका वाटणार नाही. विगन किंवा लीड्स यांसारख्या क्लबांचे तिकीटधारक पिढ्यानपिढ्या तेच राहिले. याची कारणे फार गूढ नाहीत. ठरलेली जागा दरवर्षी तीच मिळते. नूतनीकरणाची मुदत उलटेपर्यंत ती दुसऱ्याला दिली जात नाही. लवकर पैसे भरणाऱ्याला सवलत मिळते आणि रक्कम हप्त्यांनी भरता येते. मुलांचे तिकीट अत्यल्प दरात असते. क्लबला हंगाम सुरू होण्याआधीच रोख रक्कम हाती येते आणि संघ हरत असतानाही आसने विकलेली असतात. सामन्यागणिक तिकीट घेणारा प्रेक्षक विजयाबरोबर येतो व पराभवाबरोबर जातो. हंगामी तिकीटधारकाला मात्र शेजारच्या खुर्चीवरची माणसे ओळखीची झालेली असतात, आणि ती ओळख मोडणे हेच तिकीट सोडण्यातले सर्वात मोठे नुकसान ठरते.

ब्रेबर्न स्टेडियम व आसनांचा पहिला वाद

मुंबईत १८९२ पासून युरोपियन व पारशी संघांचे वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू संघ आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘शेष’ संघाच्या प्रवेशाने स्पर्धा पंचरंगी बनली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला चर्चगेटजवळ क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे (सीसीआय) ब्रेबर्न स्टेडियम खुले झाले. नवे स्टेडियम एका सभासद-क्लबच्या मालकीचे होते. प्रेक्षागारातील आसने सभासदांना किती, जिमखान्यांना किती, हा प्रश्न पहिल्याच हंगामात पेटला. वाटपावर समाधान न झाल्याने हिंदू संघाने १९३७ च्या पहिल्या पंचरंगीत भाग घेतला नाही.

ही घटना पुष्कळदा केवळ जमातवादी स्पर्धेच्या इतिहासातली एक नोंद म्हणून सांगितली जाते. ती तिकिटांच्या दृष्टीने पाहिली तर वेगळी दिसते. मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या पी. जे. हिंदू जिमखान्याचा सभासद गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी या चालत जाण्याच्या अंतरावरच्या भागातून येत असे. सभासदाला वर्षभराच्या वर्गणीच्या मोबदल्यात मोठ्या सामन्याची खात्रीची जागा हवी होती. ती खात्री देण्याचे सामर्थ्य जिमखान्याकडून निसटून मैदानाच्या मालकाकडे गेले. पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली, पण मैदान एकाचे आणि प्रेक्षक दुसऱ्याचे ही स्थिती कायम राहिली.

वानखेडे स्टेडियमची निर्मिती

स्वातंत्र्यानंतर ब्रेबर्नवर कसोटी सामने होऊ लागले. सामन्याचे यजमानपद मुंबई क्रिकेट संघटनेकडे (तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन) होते, तर स्टेडियम सीसीआयचे होते. संघटनेला आपल्या संलग्न क्लबांसाठी अधिक आसने हवी होती. सीसीआयचे म्हणणे असे की आसनांवर पहिला हक्क स्वतःच्या सभासदांचा आहे. संघटनेचे अध्यक्ष शेषराव कृष्णराव वानखेडे हे १९७२ पासून महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. सीसीआयच्या बाजूने माजी कसोटीपटू विजय मर्चंट उभे होते. दोघांतील मतभेदाचे अनेक किस्से प्रचलित आहेत. किश्शांपलीकडे पाहिले तर वाद मुळात तिकिटांच्या वाट्याचाच दिसतो.

संघटनेने ब्रेबर्नपासून जेमतेम एक किलोमीटरच्या आत, चर्चगेट व मरीन लाइन्स स्थानकांच्या मध्ये, स्वतःचे स्टेडियम बांधले. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यावर सुमारे १३ महिन्यांत काम झाले. २३ जानेवारी १९७५ रोजी वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी येथे सुरू झाली. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी दिलेल्या वागणुकीवरून प्रेक्षकांत क्षोभ उसळून स्टेडियमची नासधूस झाली. ब्रेबर्नवर फेब्रुवारी १९७३ मधील इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर पुढची कसोटी थेट डिसेंबर २००९ मध्ये झाली. एवढ्या लहान परिसरात दोन मोठी क्रिकेट स्टेडियमे असण्याचे कारण लोकसंख्या किंवा खेळाची गरज नव्हे, आसनांचा हिशेब होय.

क्लबांचा कोटा

मुंबई क्रिकेट संघटनेशी तीनशेहून अधिक क्लब व संस्था संलग्न आहेत. त्यांत शिवाजी पार्क जिमखाना, सुनील गावसकर व दिलीप वेंगसरकर ज्याच्याकडून खेळले तो दादर युनियन, हिंदू जिमखाना अशा नामवंत संस्थांबरोबर मैदानावर एक तंबू आणि एक खेळपट्टी एवढाच संसार असलेले लहान क्लबही आहेत. वानखेडेवरील आंतरराष्ट्रीय सामन्यांची तिकिटे मोठ्या प्रमाणात या क्लबांना दिली जातात आणि क्लब ती सभासदांत वाटतात. संलग्न संस्थेला संघटनेच्या निवडणुकीत मतही असल्यामुळे हा वाटा कमी करणे कोणत्याही कार्यकारिणीला सोपे जात नाही.

या व्यवस्थेचा लाभ खराच आहे. ज्या क्लबचे कांगा लीगचे सामने पावसाळ्यात, चिखलात आणि विनातिकीट होतात, त्याला प्रेक्षकांकडून उत्पन्न मिळण्याचा दुसरा मार्ग नाही. १९४८ पासून चालणारी ही स्पर्धा किंवा शिवाजी पार्कवरचे सामने पाहायला कोणीही रस्त्यावरून वळून उभा राहू शकतो, आणि तसे उभे राहणे हीच दादरची खेळ पाहण्याची रीत आहे. कसोटीच्या तिकिटाची आशा सभासदाला क्लबशी बांधून ठेवते आणि लहान क्लब तगून राहतो.

तोटा २०११ मध्ये सर्वांना दिसला. २ एप्रिलच्या विश्वचषक अंतिम सामन्यासाठी नूतनीकरणानंतर सुमारे ३३,००० आसने होती. त्यांपैकी सुमारे २०,००० संलग्न क्लबांकडे व सुमारे ८,५०० आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेकडे गेली. सर्वसामान्यांसाठी जेमतेम ४,००० तिकिटे उरली. विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरच्या दोनशेव्या आणि अखेरच्या कसोटीच्या वेळी हेच पुन्हा घडले. क्लबबाहेरचा प्रेक्षक कितीही वर्षे निष्ठेने येत असला तरी त्या निष्ठेची नोंद कोठेच होत नाही, आणि हंगामी तिकिटाचा मूळ उपयोग तर नेमका अशी नोंद ठेवणे हाच असतो.

पाच दिवसांच्या तिकिटाला आणखी एक अडचण आहे. सामना लवकर संपला तर उरलेले दिवस कोरे जातात. तेंडुलकरची अखेरची कसोटी तिसऱ्या दिवशी संपली, आणि नोव्हेंबर २०२४ मधील न्यूझीलंडविरुद्धची कसोटीही तिसऱ्याच दिवशी. नोकरदाराला पाचही दिवस रजा मिळणे आधीच कठीण. एकच तिकीट घरातल्या माणसांनी दिवस वाटून वापरणे हा त्यावरचा जुना घरगुती उपाय. तिकीट हस्तांतरणीय ठेवणे हा त्याचाच औपचारिक अवतार म्हणता येईल.

गिरणगावातील कबड्डी

परळ, लालबाग, नायगाव, प्रभादेवी येथील कबड्डी गिरणी कामगारांच्या वस्त्यांत वाढली. सामने चाळींमधल्या मोकळ्या जागेत किंवा सार्वजनिक मैदानात रात्रीच्या प्रकाशात होत. खर्च मंडळाच्या वर्गणीतून व स्थानिक देणग्यांतून भागे. गणेशोत्सवालाही याच भागात हीच रीत आहे. वर्गणी देणारा स्वतःला ग्राहक समजत नाही, मंडळ त्याचेच असते. म्हणून या खेळाला हजारो प्रेक्षक होते, पण तिकीट काढणारे फार थोडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या संघांना मिळणारा आधार आटला आणि अनेक कुटुंबे उपनगरांत विखुरली.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये झाला. यू मुम्बाने जयपूर पिंक पँथर्सचा ४५–३१ असा पराभव केला. अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली संघ २०१५ मध्ये विजेता ठरला, तर २०१४ व २०१६ च्या सुरुवातीच्या हंगामात उपविजेता. वरळीचे बंदिस्त स्टेडियम लालबागहून बसने गाठता येण्यासारखे असल्याने जुना कबड्डीप्रेमी प्रथमच तिकीट काढून आत आला. घरचे सामने सलग काही दिवसांत उरकले जात, तरी त्यांच्याभोवती हंगामी तिकीट रचणे शक्य होते.

तो पाया पुढे डळमळला. २०२१–२२ चा हंगाम बंगळूरमध्ये प्रेक्षकांविना झाला, त्यानंतरचा मोजक्या शहरांत. जानेवारी २०२४ मध्ये लीग वरळीला परतली, पण २०२४ च्या अखेरचा हंगाम हैदराबाद, नोएडा व पुणे येथे, आणि २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई व दिल्ली येथे खेळवला गेला. मुंबईचे नाव धारण करणाऱ्या संघाचा एकही सामना या दोन हंगामांत मुंबईत झाला नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून लीगचे भागते, त्यामुळे खर्चाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे. प्रेक्षक जोडण्याच्या दृष्टीने मात्र तो घातकच, कारण सवय मोडलेला प्रेक्षक केवळ सवलतीने परत येत नाही.

आयपीएल, फुटबॉल आणि रग्बी

मुंबई इंडियन्स वानखेडेवर एका हंगामात सहसा सुमारे सात घरचे सामने खेळतो. त्यामुळे हंगामी तिकिटाला लागणारी सलगता शहरात प्रथमच निर्माण झाली. तरीही संघाने भर दिला तो सशुल्क सदस्यत्वावर. सदस्याला विशिष्ट आसन मिळत नाही, तिकीट खरेदीत अग्रक्रम मिळतो. मागणी पुरवठ्याहून कितीतरी अधिक असताना एकच आसन एकाच माणसाला हंगामभर बांधून देण्यात फ्रँचायझीला फायदा नाही, असा यामागचा हिशेब दिसतो. शिवाय आयपीएलच्या तिकिटांवर सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांऐवजी ४० टक्के झाला आहे. याउलट दीर्घकालीन दृष्टीचा उपक्रम म्हणजे दरवर्षी एक सामना स्वयंसेवी संस्थांमार्फत येणाऱ्या हजारो मुलांसाठी राखून ठेवणे. रग्बी लीग क्लबांची मुलांसाठीची स्वस्त तिकिटे पुढच्या पिढीचा प्रेक्षक घडवतात, तेच येथे निराळ्या मार्गाने घडते.

मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबला २०१६ पासून अंधेरीत स्थिर घर मिळाले, पण दक्षिण मुंबईतील कूपरेजचा जुना प्रेक्षक त्यापासून दूर राहिला. क्लबने २०२०–२१ मध्ये साखळी ढाल व करंडक दोन्ही जिंकले. तो संपूर्ण हंगाम गोव्यात रिकाम्या प्रेक्षागारांसमोर पार पडला.

रग्बी मुंबईत प्रामुख्याने १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाशी निगडित आहे. ती रग्बी युनियन असून रग्बी लीगची क्लबस्पर्धा शहरात नाही. जून २०२५ मधील रग्बी प्रीमियर लीगचे सर्व सामने अंधेरीत एकाच मैदानावर दोन आठवड्यांत झाले, आणि मुंबईसह सर्व संघांनी तेच मैदान वापरले.