‘एक’ आणि ‘आहे’

शेमातील ‘एहाद’ या शब्दाचा अर्थ मराठीत सांगताना आपण सहजपणे ‘परमेश्वर एक आहे’ असे म्हणतो. मूळ हिब्रू वाक्यात ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद नाही. मराठीत ते आपोआप येते, आणि त्याच्याबरोबर ग्रीकांनी विचारलेला एक जुना प्रश्नही येतो.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, दक्षिण इटलीतील एलिआ या ग्रीक वसाहतीत पार्मेनिदीस हा तत्त्वज्ञ होऊन गेला. जे आहे ते उत्पन्न होत नाही, नष्ट होत नाही आणि त्याचे विभाग पडत नाहीत, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे प्लेटोने आपल्या एका संवादाला त्याचेच नाव दिले आणि त्याच्याच मुखातून या एकत्वाची कठोर परीक्षा घेतली. ‘एक आहे’ असे म्हणताच दोन गोष्टी होतात: ते ‘एक’ आणि त्याचे ‘असणे’. या दोहोंपैकी प्रत्येक भाग पुन्हा एक आहे आणि आहेही. म्हणजे त्याचेही दोन भाग. अशा रीतीने एकाचे अनंत होतात. हा शब्दच्छल वाटेल. परंतु त्याच्या तावडीत आपला शेमाही सापडतो, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

अस्तित्व आणि एकत्व हीच वस्तूंची मूलतत्त्वे आहेत काय, हा प्रश्न ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’मध्ये सर्वांत अवघड प्रश्नांत गणला. ‘माणूस’, ‘एक माणूस’ आणि ‘असलेला माणूस’ यांत वस्तू एकच असते, अशी त्याची उकल आहे. ‘एक’ म्हटल्याने तिच्यात नवी भर पडत नाही. शिवाय ‘एक’ म्हणण्याचे प्रकार त्याने वेगळे केले. बांधलेली मोळी एक असते. माणूस आणि घोडा हेही प्राणी या नात्याने एकच.

रामबामनी ११६८ मध्ये मिश्नावरील भाष्य पूर्ण केले. त्यातील सान्हेद्रिनच्या दहाव्या अध्यायाच्या प्रस्तावनेत श्रद्धेची तेरा तत्त्वे आहेत. यिगदाल गाताना आपण तीच म्हणतो. पहिले तत्त्व अस्तित्वाचे, दुसरे एकत्वाचे. परमेश्वर जातीसारखा एक नव्हे, अनेक अवयवांच्या देहासारखा नव्हे, दुभागता येणाऱ्या साध्या वस्तूसारखाही नव्हे. ही नकारांची मालिका वाचताना ॲरिस्टॉटलने केलेली वर्गवारी आठवल्यावाचून राहत नाही. ‘मोरे नेवुखीम’मध्ये, पहिल्या भागाच्या सत्तावन्नाव्या अध्यायात, ते आणखी पुढे जातात. इतर वस्तूंना अस्तित्व आणि एकत्व बाहेरून जोडलेले असते. परमेश्वर मात्र आहे, पण ‘अस्तित्वा’च्या योगाने नव्हे, आणि एक आहे, पण ‘एकत्वा’च्या योगाने नव्हे. माझ्या मते प्लेटोच्या पेचाला याहून नेमके उत्तर नाही: जोडलेले असे काही नसेल तर मोजायला दुसरे उरतेच कुठे?

या तत्त्वांचे रामबामच्या स्वहस्ताक्षरातील हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, एडवर्ड पोकॉक यांच्या संग्रहात आहे. हलब येथे काही वर्षे ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून राहिलेल्या या पंडिताने १६५५ मध्ये ऑक्सफर्डला रामबामच्या प्रस्तावना मूळ अरबी भाषेत, हिब्रू अक्षरांत, लॅटिन भाषांतरासह छापल्या. १२९० च्या हद्दपारीनंतर या देशात यहुद्यांना उघडपणे राहता येत नव्हते. तशी परवानगी मागण्यासाठी मेनाश्शे बेन इस्राएल त्याच वर्षी लंडनला आले.

आपल्याला बोचणारी गोष्ट निराळी आहे. लुनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात रामबाम म्हणतात की, भारतातील यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यांखेरीज तोरातील काहीच ठाऊक नाही. ही माहिती ऐकीव होती. कोकणातील आपल्या पूर्वजांना इतर प्रार्थनांचा विसर पडला तरी शेमा मुखोद्गत होता, आणि सुंता असो वा लग्न, प्रत्येक प्रसंगी तोच म्हटला जाई, असे आपली परंपरा सांगते. रामबामनी दुसऱ्या तत्त्वासाठी तोरातील जो आधार दिला आहे, तो हाच शेमा.