ठेका आधी कानात

मंडईच्या दिवशी शेजारचा मुलगा म्हणाला, "काकाजी, डीजे शिकायचं आहे. कोणती मशीन घेऊ?" मला माझे वडील आठवले.

ते झाडीपट्टीच्या नाटकांत तबला वाजवत. दिवाळीनंतर वडशाची नाटकमंडळं चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगाव जात. नाटक रात्रभर चाले. पुढे साथीला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. वडिलांना बोलावणी कमी झाली. त्या यंत्राची मला चीड येई. पण ते वाजवणारा पोरगा ठेके शिकायला आमच्याच ओसरीवर बसे, आणि वडील शिकवत.

यातलं मर्म मला उशिरा कळलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या नव्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तबकडी फारशी खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्यांतल्याच टीबी-३०३ यंत्रावर केलेली तबकडी निघाली आणि 'ॲसिड हाउस' संगीत गाजलं. २०१० साली चरणजितसिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले. यंत्र नवं होतं. राग मात्र त्यांच्या कानात आधीपासून होते.

मुलाला म्हटलं, "मशीन नंतर. आधी मोबाइलवर दोन गाणी ऐक, मिनिटाला किती ठोके पडतात ते मोज. दोन्हींचा वेग आणि सम जुळली, की एक हळूच उतरवायचं, दुसरं चढवायचं. आणि यंदा नाटकात वादकांजवळ बस. नट थांबला, की त्यांचे हात कसे थांबतात, ते बघ."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)