नेटफ्लिक्सचा आलेख आणि शेवट माहीत असलेला वाचक

‘२००२ मध्ये नेटफ्लिक्सचे शेअर घेऊन नुसते ठेवले असते तर...’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. दीर्घकालीन गुंतवणुकीचा धडा म्हणून ते सांगितलं जातं. पण इतिहासाचा पुरावा म्हणून ते तपासायला गेलं की पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं.

मे २००२ मध्ये कंपनी बाजारात आली तेव्हा शेअर १५ डॉलरला होता. आजच्या आलेखात मात्र ती किंमत साधारण ११ सेंट दिसते. कारण मधल्या काळात शेअरचं तीनदा विभाजन झालं: २००४ मध्ये एकाचे दोन, २०१५ मध्ये एकाचे सात, २०२५ मध्ये एकाचे दहा. म्हणजे एका शेअरचे १४० झाले. हिशोब बरोबरच आहे, पण ११ सेंटला शेअर तेव्हा कोणालाच मिळत नव्हता. दुसऱ्याने गोळा केलेला डेटा वापरताना आकडा मूळ आहे की दुरुस्त केलेला, हे आधी बघायचं ते यासाठी.

आता २०११ कडे या. जुलैमध्ये कंपनीने डीव्हीडी आणि स्ट्रीमिंगची एकत्र योजना मोडली, ९.९९ डॉलरचे १५.९८ झाले. सप्टेंबरमध्ये डीव्हीडीचा धंदा ‘क्विकस्टर’ नावाने वेगळा काढायची घोषणा झाली आणि तीनेक आठवड्यांत ती मागेही घेतली. त्या तिमाहीत अमेरिकेतले सुमारे ८ लाख ग्राहक गेले. जुलैत ३०० डॉलरच्या आसपास असलेला शेअर पुढच्या वर्षी ६० च्या खाली आला. साध्या मोजपट्टीवर काढलेल्या आजच्या आलेखात ही घसरण जवळपास दिसतच नाही, रेषा सपाट वाटते. लॉग स्केल लावा, मग दरी दिसते.

त्या दरीत उभ्या असलेल्या माणसाला काय माहीत होतं? ब्लॉकबस्टर वर्षभरापूर्वीच दिवाळखोरीत गेलेली. ‘हाउस ऑफ कार्ड्स’ यायला २०१३ उजाडायचं होतं. तेव्हा विकणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण आपण उत्तरपत्रिका बघून बोलतोय.

मुरलेल्यांचंही तेच झालं. कार्ल आयकान यांनी २०१२ मध्ये जवळपास १० टक्के हिस्सा घेतला आणि २०१५ पर्यंत प्रचंड नफ्यात सगळा विकला; शेअर त्यानंतरही कितीतरी पट वाढला. बिल ॲकमन यांच्या फंडाने जानेवारी २०२२ मध्ये ३१ लाख शेअर घेतले. एप्रिलमध्ये २ लाख ग्राहक घटल्याची बातमी आली, शेअर एका दिवसात ३५ टक्के पडला आणि त्यांनी सुमारे ४० कोटी डॉलरचा तोटा घेऊन ते विकले. पुढे किंमत सावरली.

आणि मुळात नेटफ्लिक्सच का? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी फक्त जमलेले प्रयोग मोजले होते. सरांनी एवढंच विचारलं, “बाकीचे कुठे गेले?” इथेही तोच प्रश्न आहे. स्ट्रीमिंगमधलीच रोकू २०१७ मध्ये १४ डॉलरला बाजारात आली, २०२१ च्या जुलैमध्ये ४५० च्या वर गेली आणि २०२२ संपताना ४० च्या आसपास होती. शिखरावर घेऊन ‘नुसतं ठेवलेल्या’ माणसाचं त्या दीड वर्षात काय झालं, तेही याच नमुन्यात मोजावं लागेल.